बाराला एक

“कोणाचा हात वर नाही?” वसावे सरांनी विचारलं.

नववी ‘ब’चा सगळा वर्ग वळून दाराकडे पाहायला लागला. माझी चाकाची खुर्ची बाकांच्या मधे मावत नसे, म्हणून माझी जागा दाराजवळ होती. माझे दोन्ही हात मांडीवर होते.

“मोनाली, तुझं मत कशाला?”

“कडीला, सर.”

“कसल्या?”

“मुलींच्या संडासाच्या दाराची कडी तुटलीये. ती बसवावी असं माझं मत आहे.”

मुलं हसली. मुली हसल्या नाहीत. पुढच्या बाकावरचा भूषण कोळी मात्र उठूनच उभा राहिला. शाळेच्या पायऱ्यांवर माझ्या खुर्चीसाठी उतार करायची कल्पना त्याची होती.

“अगं, आम्ही तुझ्यासाठीच तर उतार करतोय,” तो म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं.

“मला विचारलंस का?”

भूषण खाली बसला. सरांनी फळ्यावर ‘उतार’ या शब्दापुढे बरोबरची खूण केली. खाली ‘कडी’ असं लिहिलं होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

गिरणेच्या काठावरचं आमचं तालुक्याचं गाव. पुराच्या धास्तीने शाळेचं जोतं कमरेइतकं उंच बांधलेलं आणि पुढे दगडी पायऱ्या. माझे पाय जन्मापासूनच चालत नाहीत. सकाळी आई मला फाटकापर्यंत आणायची. तिथून सुपडूमामा, म्हणजे आमच्या शाळेचे शिपाई, मला उचलून वर न्यायचे आणि मागून दोन मुलं माझी खुर्ची आणायची. शाळा सुटली की हेच उलट. मधल्या सुट्टीत खाली जायचं तर पुन्हा तेच. त्यासाठी कोणाला सांगावं लागू नये म्हणून मी शाळेत पाणीच पीत नसे. कोणी विचारलं तर तहान नाही म्हणायचे. मला उचलताना कोणी कधी कुरकुर केली नाही, हे मुद्दाम सांगते. सगळी चांगली माणसं होती. चांगल्या माणसांना नको म्हणणं फार अवघड असतं.

वसावे सर नवापूरकडचे. वय जेमतेम पंचविशीचं, अजून शिक्षणसेवक, म्हणजे नोकरी कायम व्हायची होती. आम्हाला ते गणित आणि कार्यानुभव शिकवायचे. कार्यानुभव म्हणजे त्याआधी क्रेप कागदाची फुलं. दरवर्षी तीच फुलं, आणि वर्षअखेर ती मुख्याध्यापकांच्या कपाटावर जाऊन बसायची. वसावे सर पहिल्या तासालाच म्हणाले होते, “यंदा फुलं नाहीत. शाळेत कोणाचं काय अडतं ते शोधा. त्यातलं एक निवडा आणि दुरुस्त करा. मी मदत करीन, पण उत्तर सांगणार नाही. मला ते माहीत नाही.”

शिक्षक उघडपणे ‘मला माहीत नाही’ म्हणतो, हेच आम्हाला पचायला वेळ लागला.

मतदान झालं त्या दिवशी तास संपल्यावर सर माझ्याजवळ आले.

“उतार नकोय, की वर्गाने केलेला नकोय?”

“मला त्यांच्या कार्यानुभवाचा विषय व्हायचं नाहीये,” मी म्हणाले. “फुलं होती तेच बरं होतं. फुलांना कोणी मधे बसवून त्यांच्यावर मत घेत नव्हतं.”

सर समजूत घालतील असं मला वाटलं होतं. तशी खूप माणसं घालायची.

“बरं,” ते म्हणाले. “मग तू कडी बसव.”

“मी?”

“मत तुझं आहे.”

“मला नाही येत, सर.”

“मलाही येत नाही. हत्यारं सुपडूभाऊंकडे आहेत. सोबत कोण हवं ते तू ठरव.”

मी तेजलला घेतलं. तेजल अत्तरदे माझी मैत्रीण. कधी जावंच लागलं तर, कडी नसल्यामुळे, मी आत असले की तीच बाहेरून दार धरून उभी राहायची, त्यामुळे कडीत तिचाही जीव होता. सुपडूमामांनी आम्हाला पेचकस, हातोडी आणि नवी कडी दिली. शाळेच्या बाजूला मुलींचे संडास होते. तिथल्या दारात खुर्ची जाईना, म्हणून तेजलने मला एका स्टुलावर बसवलं. पहिल्यांदा आम्ही कडी उलटी बसवली. दुसऱ्यांदा कडी नीट बसली, पण खटका चौकटीला पोचेना. मग तेजलने दार ओढून धरलं आणि मी पेन्सिलने चौकटीवर खूण करून घेतली. तिसऱ्यांदा कडी लागली. तेजल आत गेली, कडी लावली, उघडली, पुन्हा लावली. दोघींच्या हाताला फोड आले होते आणि आम्ही ते एकमेकींना दाखवत होतो.

तेवढ्यात पुढच्या अंगणातून आरडाओरडा ऐकू आला. मी वळून पाहिलं तर माझी खुर्ची जागेवर नव्हती.

“मुलांनी मघाशी मागितली,” तेजल म्हणाली. “दहा मिनिटांसाठी. मी दिली.”

स्टुलावरून मान लांब करून मी पाहिलं. भूषणचे काका गवंडीकाम करायचे. त्यांची परांचीची लांब फळी मुलांनी पायऱ्यांवर टेकवली होती. माझ्या खुर्चीत भूषण बसला होता आणि तिघं जण त्याला मागून रेटत होते. फळी चांगलीच उभी होती. खुर्ची कशीबशी वर पोचली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

“तेजल, मला तिकडे ने,” मी म्हणाले.

तिने खुर्ची परत आणली आणि आम्ही पुढे गेलो. इम्रान पिंजारी वहीचा पुठ्ठा घेऊन काहीतरी मांडत होता. गणितात तो वर्गात पहिला.

“जमलं,” तो मला म्हणाला. “आता फक्त सिमेंटचं करायचं.”

“खुर्चीत कोण बसलं होतं?”

“भूषण.”

“ढकललं कोणी?”

“आम्ही तिघांनी.”

“मग हा उतार तुम्हा तिघांचा झाला. मी वर कशी जाणार?”

“आम्ही आहोत ना,” भूषण म्हणाला.

“आत्ताही तुम्ही आहातच. मला पायऱ्यांवरून नेताच की. मग उतार कशाला हवा?”

पायरीवर बसून वसावे सर हे सगळं ऐकत होते.  मी चाकं धरली आणि त्या फळीवर चढायला लागले. हातभर वर गेले, तिथून खुर्ची मागे आली, तिरपी झाली आणि मी अंगणात पडले. कोपर चांगलंच सोललं. सगळे धावले. भूषणने मला उचलायला हात पुढे केले आणि मधेच थांबून विचारलं, “उचलू का?”

इतक्या वर्षांत हे मला पहिल्यांदाच कोणीतरी विचारलं होतं.

“उचल,” मी म्हणाले. “आणि ती फळी पायऱ्यांवरून काढा. खाली जमिनीवर ठेवा.”

तिथून पुढे ते काम माझं झालं. कसं झालं ते आम्हाला कोणालाच कळलं नाही.

शाळेच्या भिंतीच्या कामातून उरलेल्या विटा कोपऱ्यात पडल्या होत्या. फळीचं एक टोक जमिनीवर, दुसऱ्या टोकाखाली एक वीट. मी चढले. दोन विटा, चढले. तीन विटा, तरी चढले. चौथी वीट ठेवली तेव्हा दंड थरथरायला लागले, पण दातओठ खाऊन मी टोकाला पोचले. मुलांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

“चार,” इम्रान म्हणाला आणि पुठ्ठ्यावर लिहायला लागला. “फळी दहा फूट, चार विटा म्हणजे एक फूट उंची. दहाला एक.”

“लिहू नकोस,” मी म्हणाले.

“का? चढलीस की.”

“एकदा चढले. रोज चढायचंय. दप्तर मांडीवर असताना, उन्हात, अंगात ताप असताना. आत्ता मला सगळे बघत होते म्हणून चढले.”

 इम्रानने आपलं दप्तर काढून माझ्या मांडीवर ठेवलं. “चढ,” तो म्हणाला. मला चढता आलं नाही, अर्ध्यावरून परत आले. त्याने एक वीट काढली. तीन विटांवर मी दप्तर घेऊन आरामात गेले.

“तीन म्हणजे लांबी खूप लागणार,” तो म्हणाला. “एवढं अंगण नाही आपल्याकडे. जरा वाढवून बघू.” तीन विटांवर त्याने शहाबादी फरशीचा इंचभर जाड तुकडा ठेवला. मी गेले. खाली आले. पुन्हा गेले. तिसऱ्या वेळी तेजल म्हणाली, “आता बोल बरं काहीतरी.” मी चढता चढता तिच्याशी बोलू शकत होते. तिथे आम्ही थांबलो.

“दहा फुटांना दहा इंच,” इम्रान म्हणाला. “बाराला एक.”

पायरीवरून वसावे सर उठले. “जोतं किती उंच आहे?”

“तीन फूट, सर.”

“मग?”

भूषण गणितात कायम गटांगळ्या खायचा. सर त्याच्याकडे बघत होते. त्याने बोटांवर काहीतरी केलं, ओठ हलवले. “छत्तीस फूट,” तो म्हणाला, आणि आपलंच उत्तर ऐकून घाबरला, कारण छत्तीस फूट सरळ गेलं की उतार झेंड्याच्या कट्ट्यावर जाऊन आपटत होता.

दुसऱ्या दिवशी सरांनी कुठूनतरी एक सरकारी पुस्तिका आणली. सार्वजनिक इमारतींचे उतार कसे असावेत ते तिच्यात दिलं होतं. बाराला एक.

“म्हणजे तुम्हाला आधीच माहीत होतं,” इम्रान जरा रागानेच म्हणाला.

“नाही,” सर म्हणाले. “काल घरी गेल्यावर शोधलं. तुमचं बरोबर आहे का, याची मलाही धाकधूक होती.”

आठवडाभर आम्ही कट्टा चुकवायची वाट शोधत होतो. गणिताच्या तासालाही हेच, कारण सर गुणोत्तर आणि प्रमाण त्या विटांवरच शिकवायला लागले होते. शेवटी तेजलने इम्रानच्या पुठ्ठ्यावर नकाशा काढला. उतार भिंतीला लागून अर्धा वर जातो, मधे एक सपाट चौक लागतो, तिथे वळतो आणि उलट दिशेने वर येतो. चौक हवा हे माझं म्हणणं होतं. आज इमारतींचे नकाशे तपासणं हेच माझं काम आहे आणि समोर कागद आला की मी आधी तो चौक शोधते. तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं की मधे थांबायला जागा नसेल तर माणूस नुसता थकत नाही, घाबरतो.

मग मुख्याध्यापक भंगाळे सर आले. मधल्या सुट्टीत ते व्हरांड्यात येऊन उभे राहिले आणि त्यांनी वसावे सरांना आमच्यासमोरच विचारलं.

“घटक चाचणी तोंडावर आलीय. नववी ब अंगणात विटा रचतेय. पालक माझ्याकडे येतात, त्यांना मी काय सांगू?”

“गणित चालू आहे, सर.”

“विटांनी?” भंगाळे सर वाईट नव्हते. शाळेचा निकाल त्यांनी घासूनपुसून वर आणला होता आणि तो खाली जाईल ही भीती त्यांना कायम असायची. “उतार करायचाच तर मागे करा. खिचडीच्या शेडकडचं जोतं ठेंगणं आहे. दोन दिवसांत होईल. आणि वसावे, तुमचं अजून कायम व्हायचंय. मी फक्त आठवण करून देतोय.”

वसावे सरांचा चेहरा उतरला. आम्ही तो पहिल्यांदाच तसा पाहिला. पण ते म्हणाले, “काम मुलांचं आहे, सर. त्यांनाच विचारा.”

भंगाळे सरांनी इम्रानकडे पाहिलं. हुशार मुलगा म्हणून ते त्याला ओळखत होते. इम्रानने पुठ्ठा माझ्या हातात दिला.

“सर,” मी म्हणाले, “तुम्ही माझ्याबरोबर मागच्या दाराने येता का? आत्ता.”

 मुख्याध्यापकांना असं कोणी बोलावत नसे. पण ते पायऱ्या उतरले. सुपडूमामांनी मला खाली आणलं. मी चाकं धरली आणि शाळेला वळसा घालून निघाले. सर शेजारून चालत होते, मागे वर्ग. खिचडीची भांडी घासलेलं पाणी वाटेत साचलं होतं. सरांनी धोतर उचलावं तशी पँट वर धरली. चिखलात माझी पुढची चाकं रुतली. मी मागे घेतली, पुन्हा पुढे केली. पाण्याच्या नळापाशी उघडी मोरी होती. तिथे मी थांबले, कारण तिथून पुढे जाता येतच नव्हतं.

सरांनी खुर्चीच्या मुठी धरल्या. “थांब, मी ढकलतो.”

“नको, सर.”

त्यांनी हात काढला. आम्ही दोघं तिथेच थांबलो. मोरीतून पाणी वाहत होतं आणि शेडमधली बाई हातातली कळशी तशीच धरून आमच्याकडे बघत होती.

“ही वाट दुरुस्त करता येईल,” सर म्हणाले.

“येईल. पण मग मी मागून येईन आणि सगळे पुढून. प्रार्थना पुढे असते. मला यायला वेळ लागला तर कोणाला कळणारही नाही.”

“वर्ग तोच आहे, बाळ. फळा तोच आहे.”

“मग दार पण तेच असू दे, सर.”

हे मी मोठ्या आवाजात बोलले नाही. मला रडूही आलं नाही, ते येईल अशी मला भीती होती. सर चिखलातल्या आपल्या बुटांकडे बघत होते.

“झेंड्याचा कट्टा हलणार नाही,” ते म्हणाले.

“हलवायचा नाहीये.” मी पुठ्ठा त्यांच्या हातात दिला.

त्यांनी चष्मा वर करून तो बराच वेळ पाहिला. “मधे हा चौकोन कसला?”

“दम खायला.”

“आणि बांधणार कोण?”

“माझे काका,” भूषण मागून म्हणाला. “आणि आम्ही. विटा शाळेच्याच आहेत.”

भंगाळे सरांनी पुठ्ठा परत दिला. मग वसावे सरांकडे वळून म्हणाले, “चाचणी ठरल्या दिवशी होईल.”

“होईल, सर.”

“आणि पेपर मी काढीन.”

पेपर त्यांनी काढला आणि खडूस काढला. वर्गाचे गुण थोडे वाढले, फार नाही. भूषण भूमितीत नापास झाला. पण गुणोत्तराची सगळी गणितं त्याला आली होती. मूळ विषय त्याच्या हाताला लागला होता, एवढं भंगाळे सरांनाही मान्य करावं लागलं. त्यांनी वसावे सरांना त्यानंतर कधी कायम होण्याची आठवण करून दिली नाही. पुढे सर कायम झाले.

उतार दिवाळीच्या सुट्टीत बांधला. भूषणच्या काकांनी गिलावा केला, मुलांनी रेती चाळली, मुलींनी पाणी मारलं. कठड्याची उंची मी खुर्चीत बसून हात लावून ठरवली. सिमेंट ओलं असताना भूषणला त्यावर सगळ्यांची नावं कोरायची होती. मी नको म्हणाले. तो नाराज झाला, पण त्याने कारण विचारलं आणि मी सांगितलं: रोज शाळेत येताना कोणाचे उपकार वाचत यायचं नाही. हे त्याला पटलं.

सुट्टी संपून शाळा भरली त्या सकाळी आई मला फाटकापर्यंत घेऊन आली. सुपडूमामा सवयीने पुढे झाले, मग हसून बाजूला झाले. वर्गातले सगळे व्हरांड्याच्या कठड्याशी गर्दी करून उभे होते. तेजलच्या हातात तर हार होता.

वसावे सर बाहेर आले. “घंटा झाली,” ते म्हणाले. “सगळे आत.”

“सर, मोनाली येतेय,” भूषण म्हणाला.

“मला दिसतंय. आत चला.”

एकेक करत सगळे आत गेले. तेजल सगळ्यात शेवटी, मागे वळून बघत. अंगण रिकामं झालं. फाटकाशी एकटी आई होती, आणि तिनेही मग तोंड दुसरीकडे फिरवलं.

मी चाकं धरली. सिमेंट अजून नवं होतं, चाकांखाली किरकिरत होतं. पहिला चढ झाला. चौकात मी थांबले. दम लागला म्हणून थांबले, आणि दम गेला तरी थांबून राहिले. तिथून नदी दिसत होती. वर जाताना मला कधी नदी दिसली नव्हती, कारण मामांच्या खांद्यावरून मागचंच दिसायचं. मग मी वळले आणि दुसरा चढ चढले. व्हरांडा ओलांडून वर्गाच्या दाराशी आले तेव्हा सर फळ्यावर उदाहरण लिहीत होते. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तेजलने हार बाकाखाली लपवला होता.

सरांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

“उशीर का झाला?”

नऊ वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. उशीर झाला तर तो आणणाऱ्यांना व्हायचा, मला नाही. माझे कान गरम झाले. 

“मधे थांबले होते, सर.”

“उद्यापासून लवकर निघत जा,” सर म्हणाले आणि पुन्हा फळ्याकडे वळले.

“हो, सर,” मी म्हणाले, आणि आत जाऊन वही उघडली.